मारुतीच्या उजव्या हाताचा मोबाइल

रविवार, २३ मार्च

दांडीच्या मारुती मंदिरातला सप्ताह यंदा यूट्यूबवर थेट दिसणार आहे. भजनी मंडळाचे अध्यक्ष कमलाकांत बुवा यांनी आज संध्याकाळी याला दुजोरा दिला. दुजोरा दिला म्हणजे ते म्हणाले, "करा काय करायचा तो."

वर्तमानपत्रात पालघरचा वार्ताहर म्हणून उभी हयात गेली. आधी बातमी, मग ती कोणी सांगितली, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. बायको, मंदा, म्हणते, "डायरीत तरी माणसासारखं लिहा." प्रयत्न करतो.

तर माणसासारखं लिहायचं म्हणजे असं. मी राहतो शेजारच्या पाम गावात, वाडीत. पण मंडळाचा चिटणीस किनाऱ्यावरच्या दांडीचा, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि दुसऱ्या कोणाला ते काम नको होतं. आमचा सप्ताह अखंड असतो. वीणा एकदा गळ्यात घेतली की सात दिवस ती खाली टेकवायची नाही. एकाने उतरवायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच. दोन-दोन तासांचे पहारे लावतो. पूर्वी पहाऱ्यासाठी भांडणं व्हायची. आता निम्मी पोरं बोईसरच्या कंपन्यांत पाळ्या करतात, उरलेली होडीवर. गेल्या वर्षी बुवांनी सत्तरी ओलांडलेल्या पायांवर एका दिवसात तीन पहारे काढले.

आजच्या बैठकीत ते स्पष्ट म्हणाले, "यंदा वीणा खाली टेकली तर पुढल्या वर्षापासना सप्ताह बंद. देवाफुडं नाटक नाय करायचा."

म्हणूनच थेट प्रक्षेपणाची कल्पना मी मांडली. लोक बघतील, त्यांना ओढ वाटेल, लोक येतील. हिनाने उचलून धरली. हिना म्हणजे आमच्या मासळीवाल्या जमनाची सून, बोईसरला मोबाइलच्या दुकानात काम करते. तिचा नवरा कैलास मालवाहू जहाजावर आहे, सहा महिने समुद्रात. ती म्हणाली, "काका, निदान त्यांना आईचा आवाज तरी ऐकू येईल."

जमना बाजूला बसून कोळंबी सोलत होती. म्हणाली, "माजा आवाज ऐकाय मोबाइल कशाला? जहाजाची खिडकी उघडी ठेव म्हणावा."

मंगळवार, १ एप्रिल

मोबाइल कुठे ठेवायचा यावर दीड तास चर्चा.

अडचण खरी आहे. भजन करणारे देवाकडे तोंड करून बसतात. मोबाइल मागे ठेवला तर जगाला आमच्या पाठी दिसणार. पुढे ठेवला तर देव आणि भजन यांच्या मध्ये येणार. देवाकडे पाठ करून गायचं हे कोणाच्या मनातही येणं शक्य नाही. नरहरी, म्हणजे आमचा सध्याचा पखवाजवाला, म्हणाला, छताला उलटा टांगू. त्यावर हिनाने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

शेवटी बुवांनीच तोडगा काढला. मारुतीच्या चौथऱ्यावर, मूर्तीच्या उजव्या हाताला ठेवायचा. म्हणजे देवाला जे दिसतं तेच लोकांना दिसेल.

"पण मग बघणारे देवाच्या जागेवर बसले की हो," मी म्हणालो.

"बसू दे की," जमना म्हणाली. "देवासारखे गप बसले म्हंजे झाला."

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी वीणापूजन झालं. बुवांनी पहिला पहारा घेतला. हिनाने बटण दाबलं आणि मारुतीच्या बाजूने जग आमच्याकडे बघू लागलं. बघणारे सकाळी अकरा, दुपारी चाळीस, संध्याकाळच्या हरिपाठाला त्र्याहत्तर. मी दर तासाला आकडा टिपतो.

देवळात गर्दी उत्तम. दारात चपलांचा असा ढीग की मला घरी जाताना एक माझी आणि एक नरहरीची मिळाली.

कैलासने जहाजावरून संदेश पाठवला. तो हिनाने माइकवरून वाचला, "आई, टाळ जरा हळू, पोरगं झोपलंय मागं." सगळे मागे वळले. खरंच, जमनाचा नातू खांबाला टेकून झोपला होता. आम्हा इतक्या जणांना दिसला नाही, तो समुद्रातून दिसला. जमनाने पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते आहे.

सोमवार, ७ एप्रिल

आकडा दीडशेच्या वर. वसई, डहाणू, वापी, एक जण मस्कतहून. आमच्या मुली सासरी बसून बघतात आणि लिहितात. "रखमाकाकू बारीक झाली." "देवळाला रंग कधी दिला?" "प्रसादाला शिरा आहे का, वास येतोय!"

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. काल नामवंत कीर्तनकार आणले, त्यांना बघणारे कमी. आणि आज दुपारी तीनला, जेव्हा मंडळातली रखमा एकटी वीणा घेऊन उभी होती, मागे दोन म्हाताऱ्या टाळ वाजवत होत्या, बाकी काहीच घडत नव्हतं, तेव्हा आकडा सर्वांत वर. वार्ताहर म्हणून सांगतो, यात बातमी काहीच नव्हती. बहुधा यंत्राची चूक असावी. हिनाला विचारलं तर म्हणाली, "काका, रखमाकाकूच्या तीन मुली आहेत ना." हो, आहेत. पण त्याचा इथे काय संबंध, ते ती बोलली नाही.

एक उपद्रवी माणूस मात्र लागला आहे. 'उमरोळी एक्सप्रेस' असं नाव घेऊन दर दहा मिनिटांनी लिहितो, "पखवाज धावतोय." नरहरीचा पखवाज थोडा धावतो, लय सोडून पुढे पळतो, हे खरं आहे. पण चारचौघांत लिहायचं? मला संशय आहे की उमरोळीच्या भजनी मंडळाला आमचं बघवत नाही.

यावरून देवूची आठवण झाली. आमचा जुना पखवाजवाला, हात असा की ऐकत राहावं. तीन वर्षांपूर्वी भर भजनात बुवा त्याला म्हणाले, "देवू, पखवाज धावतोय." देवूने पखवाजाला खोळ घातली, उठला, तो परत देवळात आला नाही. गावही सोडलं, पालघरच्या बाजूला कुठे तरी राहतो. बुवा त्याचं नाव काढत नाहीत. पण त्याची बसायची घोंगडी अजून रोज झटकून तिथेच अंथरतात. सवय असेल.

मंगळवार, ८ एप्रिल

उमरोळी एक्सप्रेसला बंद केलं. हिनाने दाखवलं कसं करायचं ते. आता तो लिहीत राहील पण कोणाला दिसणार नाही. संपादकपदाचं सुख आयुष्यात पहिल्यांदा मिळालं.

आकडा एकशे नव्वद!

घरी येऊन मंदाला सांगितलं. ती दुपारी प्रसाद वाढायला होती. म्हणाली, "भात उरला. काल घमेलंभर, आज दोन."

"आकडा बघितलास का?"

"बघितला. मोबाइलमधल्यांना वरण वाढू का, तेवढं सांगा."

तिला आकड्यांचं महत्त्व कळत नाही. उन्हामुळे लोकांना भूक कमी लागते. दारातल्या चपलाही आता नीट लावलेल्या असतात, गर्दीला शिस्त लागली आहे. काल माझी जोडी पटकन सापडली.

बुधवार, ९ एप्रिल

नरहरीला पहाऱ्याला यायला वीस मिनिटं उशीर झाला. बुवांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. नरहरीच म्हणाला, "बुवा, मी घरनं बगतच होतो. तुमी मस्त उभे होता."

दुपारी टाळकरी बायका दोनच. बाकीच्या? "घरातना म्हणतोय की आमी, काम करता करता," असं त्यांचं उत्तर. मला ते फार आवडलं. घराघरांत नाम पोचलं! यावर एक लेख होऊ शकतो.

बुवांना मी हे सांगितलं. ते मारुतीकडे बघत बसले होते. म्हणाले, "पुंडलिका, देव सगला बगतो. पण कदी उठून टाळ वाजवला हाय त्यानं?"

मी म्हणालो, नाही.

"ह्यांना मी त्याच्या बाजूला बसवला," ते म्हणाले. "माजीच चूक."

अर्थ लागला नाही. थकले असतील. उद्याचा त्यांचा पहारा काढून दुसऱ्याला देऊ का विचारलं, तर "कोणाला देतंस?" म्हणाले. खरंच, चटकन नाव सुचलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज मोठा प्रसंग झाला. क्रमाने लिहितो.

पौर्णिमा जवळ आली, उधाणाची भरती. सकाळी अकराच्या सुमाराला होड्या बंदरात शिरल्या. मासळी चांगली लागली होती. गाव किनाऱ्यावर. जमना बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली, हिना दुकानात. देवळात बुवा. त्यांचा पहारा अकराला संपायचा होता, पुढचा नरहरीचा.

मी पामला घरी होतो. आकडा दोनशेच्या पुढे गेला होता, तो बघत होतो. साडेअकरा झाले, नरहरी नाही. बारा झाले. टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक जेवायला गेली, दुसरी बसल्या बसल्या डुलत होती. बुवा एकटे, चार पावलं पुढे, चार मागे. तोंडाने नाम चालू. डावा पाय ओढत होते.

लोक अस्वस्थ झाले. भराभर लिहू लागले. "बुवांना सोडवा कोणी तरी." "अरे कोण आहे का तिथे?" "नरहरीला फोन करा." गावातलीही बरीच नावं दिसली. मीही तातडीने लिहिलं, "जवळ असेल त्याने त्वरित देवळात जावे. चिटणीस." आणि कोण जातं ते बघत बसलो.

कोणीच गेलं नाही. मंदा मागून माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "तुमची स्कूटी बिघडली आहे का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पडदा काळा झाला.

आवाज थोडा येत होता, पण दबलेला, नाम की खरखर ते कळेना. मग तोही बुडाला. दुसऱ्या मिनिटाला फोन. कैलास! जहाज सिंगापूरच्या बंदरात लागलं होतं. "काका, काय झाला? बुवा पडले का? वीणा पडली का? तुमी कुठं हाय?"

फोन खिशात टाकला. स्कूटी काढली.

दांडीत शिरलो तेव्हा रस्ता भरून माणसं धावत होती. बाया ओल्या लुगड्यांनी, पुरुष गमबूट घालून, कोणाच्या हातात सुपली तशीच. नरहरीच्या हातांना खवले चिकटलेले. जमनाने म्हणे बोईसरच्या बाजारातून इतक्या जोरात फोन केला की फोन नसता तरी ऐकू आला असता. "धावा रे मेल्यांनो! देवळात अंधार झाला!" आणि पाटी शेजारणीच्या हवाली करून ती रिक्षात बसली.

देवळात पाय ठेवला. बुवा उभे होते. वीणा गळ्यात, नाम चालू, चार पावलं पुढे, चार मागे. काहीही झालं नव्हतं. फक्त त्यांचं उपरणं खांद्यावर नव्हतं. ते मारुतीच्या उजव्या हाताला होतं. मोबाइलवर पडलेलं, नीट दोन पदरी.

नरहरीने हात धुतले, बुवांच्या पाया पडला, वीणा गळ्यात घेतली. एक क्षणही ती खाली टेकली नाही. सप्ताह वाचला. बुवा खांबाला टेकून खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. एकदम सात तांबे पुढे आले.

"बुवा, उपरणं?" मी विचारलं.

"वाऱ्यानं उडाला असंल."

समुद्रावरचा वारा दुपारी सुटतोच. आज बाहेर वाळवणाच्या वलांड्यांवर टांगलेला बोंबील हलत नव्हता, हेही खरं. पण देवळाच्या दारातून झोत कसा येतो, सांगता येत नाही.

जमना आली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उपरण्याकडे बघितलं, बुवांकडे बघितलं. "बुवा, खिडकी लावून घेऊ का?"

"नको गो. देवाला गुदमरंल."

ती हसत सुटली. दम लागला होता, तरी हसत होती.

सगळ्यांत शेवटी एक मोटारसायकल दारात थांबली. हेल्मेट काढलं तर देवू! शर्टाची बटणं वरखाली लावलेली. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "इकडनं चाललो होतो." दांडीच्या पुढे समुद्र आहे, त्यामुळे कुठे चालला होता ते कळलं नाही.

बुवांनी त्याच्याकडे बघितलं नाही. फक्त घोंगडीवर दोनदा हात मारला. मोकळ्या जागेवर.

देवू आला, बसला. नरहरी वीणेवर होता, त्यामुळे पखवाज तसा रिकामाच होता. तीन वर्षांनी त्याच्या हाताखाली वाजला आणि देऊळ एकदम मोठं वाटलं.

मी उपरणं काढलं. मोबाइल चालूच होता. तीनशे माणसं काळ्या पडद्याकडे बघत थांबली होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

देवळात जागा नाही. मंदाने भात दुसऱ्यांदा टाकला. माझी एक चप्पल हरवली, आनंद आहे.

दुपारी चारला थोडी पांगापांग झाली तेव्हा पुन्हा तोच प्रकार. बुवा मारुतीला फूल वाहायला गेले आणि नेमकं त्याच वेळी उपरणं उडालं. पाच मिनिटांत देवळाजवळच्या पाखाडीतली सगळी घरं हजर. रखमा तर लाटणं घेऊन आली.

मी हिनाला म्हणालो, उपरण्याला पिन लावायला हवी. ती म्हणाली, "काका, असू दे. जहाजावरच्यांना मी आधीच कळवून ठेवलंय." काय कळवलं, हवामान? विचारायचं राहिलं.

डहाणूहून, वसईहून मुली निघाल्या आहेत. उद्या काल्याला येतात. रखमाच्या तिघीही. मोबाइलवर दिसत असताना इतक्या लांब का यायचं, असं मी एकीला फोनवर विचारलं. म्हणाली, "काका, त्यात आईचे पाय दिसतात, पण चेपता येत नाहीत."

देवू आजही होता. रात्री जाईन म्हणाला होता, गेला नाही. त्याला विचारलं, तुमच्या त्या बाजूला उमरोळीचा कोण माणूस आहे, जो आमच्या पखवाजाबद्दल लिहितो? देवू पखवाजाच्या वाद्या ओढत होता. मान वर न करता म्हणाला, "असंल कोणतरी रिकामटेकडा."

हिनाला खोकल्याची उबळ आली, ती बाहेर गेली.

शनिवार, १२ एप्रिल. हनुमान जयंती

पहाटे लोक जागे होतेच. सूर्य उगवताना जन्म झाला, गुलाल उधळला, मोबाइलची काच लाल झाली ती हिनाने पदराने पुसली. मग काल्याचं कीर्तन, दहीहंडी. शेवटच्या भजनाला वीणा बुवांच्या गळ्यात. देवू पखवाजावर. लय वाढली, टाळ एकवटले आणि मधेच बुवांनी हात वर केला. सगळं थांबलं. वीणेची तार तेवढी वाजत होती.

"देवू," बुवा म्हणाले.

देवूचे हात पखवाजावर तसेच.

"पखवाज बराबर हाय."

आणि पुन्हा सुरुवात केली. एवढंच. भजन थांबवून सांगावं असं त्यात काय होतं मला कळलं नाही. देवूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूप फार झाला होता.

वीणा वाजत-गाजत मारुतीच्या पायाशी ठेवली. सात दिवसांत पहिल्यांदा खाली. कैलास जहाजावरून बघत होता. हिनाने मोबाइल उचलून प्रत्येकासमोर नेला, तेव्हा जमनाने त्यात बघून पोराला विचारलं, "जेवलास का?" चारशे माणसांनी ते ऐकलं. मस्कतहून एकाने लिहिलं, "हो मावशी, जेवलो."

उमरोळी एक्सप्रेसला आज मी मोठ्या मनाने परत खुलं केलं. दिवसभर त्याने एक अक्षर लिहिलं नाही. सुधारला बहुतेक.

काल्यानंतर बैठक झाली. पुढल्या वर्षीही सप्ताह होईल, सातही दिवस अखंड, असं बुवांनी जाहीर केलं. पहाऱ्यांसाठी आत्ताच नावं आली. दुपारच्या एका पहाऱ्यावरून रखमा आणि नरहरीत भांडणसुद्धा झालं. ऐकायला फार बरं वाटलं.

दर शनिवारचं भजनही आता थेट दाखवायचं ठरलं आहे. मोबाइल त्याच जागी राहील. पखवाजावर देवू असेल. येणार का, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घोंगडी हाय ना तिथं."

पुढल्या शनिवारी भजनाच्या वेळी वारा सुटण्याची दाट शक्यता आहे, असं कमलाकांत बुवांनी सांगितलं. जन्मभर होडी हाकणारे तांडेल होते ते. वाऱ्याचं त्यांना कळतं.